गोदाकाठच्या बचाव बोटी आणि चार बॅटऱ्या : साठवण व चार्जिंगचे एक प्रकरण

मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे बोटीच्या इंजिनाची बॅटरी हा विषय आमच्याकडे सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. परंतु पैठणच्या नाथसागरापासून नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत गोदावरी ज्या तालुक्यांतून वाहते, तेथे पुराच्या बचावकार्यासाठी मोटरबोटी ठेवाव्या लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीच्या दरवाजांतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा पैठण शहरात आणि थेट खाली नांदेडपर्यंत काठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, हे या भागातील कोणीही विसरलेले नाही. अशा बोटी वर्षातील जेमतेम चार महिने कामाच्या असतात आणि उरलेले आठ महिने शेडमध्ये उभ्या असतात. त्या आठ महिन्यांत बॅटरीचे काय होते, हे मी एका प्रकरणात जवळून पाहिले. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा निदेशक आहे आणि तपासणीसाठी मला बोलावण्यात आले होते. तालुक्याचे व कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही. ज्या चुका तेथे झाल्या, त्या अन्यत्रही सहज होऊ शकतात.

घडले ते

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. वरच्या धरणातून विसर्ग वाढविल्याचा निरोप पहाटे आला आणि उजाडेपर्यंत नदी व ओढा यांच्या बेचक्यात असलेल्या एका आखाड्याला, म्हणजे शेतातल्या वस्तीला, पाण्याने वेढा घातला. तेथे ११ माणसे आणि काही जनावरे अडकली होती. तालुक्याकडे फायबरच्या दोन बोटी होत्या आणि प्रत्येकीला ४० अश्वशक्तीचे, मागच्या फळीवर बसविण्याचे पेट्रोल इंजिन होते, ज्याला तेथील कर्मचारी ‘ओबीएम’ म्हणतात. हवामानाचा इशारा पाहून शिपायाने आदल्या संध्याकाळीच दोन्ही बोटींच्या बॅटऱ्या चार्जरला लावल्या होत्या आणि पहाटे चार्जरवर हिरवा दिवा लागलेला पाहूनच त्या काढल्या होत्या. म्हणजे कोणी हयगय केली, असे म्हणता येणार नाही.

बोटी पाण्यात उतरविल्या. पहिल्या बोटीचा सेल्फ मारला, तर स्टार्टरचा रिले नुसता टकटक करीत राहिला आणि इंजिन तसूभरही फिरले नाही. दुसऱ्या बोटीचे इंजिन दोन वेळा जड अंगाने फिरले आणि थांबले. कार्यालयातून दोन राखीव बॅटऱ्या आणल्या, त्यांनीही काम केले नाही. अखेर बोट चालविणारे भोई समाजातील एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांनी इंजिनावरचे झाकण काढले, हत्यारांच्या पिशवीतील आपत्कालीन दोरी फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळली आणि ती ओढून इंजिन सुरू केले. या सगळ्यात सव्वा तास गेला. ११ माणसे सुखरूप काठावर आली. एक गाय आणि दोन वासरे मात्र तेवढ्या वेळात वाहून गेली. ज्या घरची ती जनावरे होती, त्या घरातील बाई काठावर बसून राहिल्या होत्या आणि त्यांच्या हातात तुटलेले दावे होते, असे मामांनी मला नंतर सांगितले. बॅटरीच्या एका तपासणीबद्दल इतके सविस्तर का लिहितो आहे, असे कोणाला वाटले तर त्याचे कारण हे आहे.

मामांचा फोन मला दुसऱ्या दिवशी आला. “सर, रातभर चार्जिंगला लावली होती, हिरवा दिवा बी लागला होता. तरी सेल्फ नुसता टकटक करायलाय. ह्या बॅटरीत हाय का नाही काही?” कार्यालयाचे म्हणणे असे होते की पुरवठादाराने निकृष्ट माल दिला. चारही बॅटऱ्या एकाच वेळी घेतलेल्या, प्रत्येकी १२ व्होल्ट व ७५ अँपिअर-तास क्षमतेच्या, ॲसिड भरण्याची झाकणे असलेल्या आणि अडीच वर्षे वयाच्या होत्या. मी तपासणी करीपर्यंत कोणाकडेही पत्र पाठवू नये, अशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

चार बॅटऱ्यांची तपासणी

तपासणीत मी एक पथ्य पाळले. बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या मोजायची नाही. कोणताही भार न लावता ती किमान १२ तास विसावू द्यायची आणि मगच मल्टिमीटर लावायचा. हे पथ्य किती आवश्यक आहे, ते पहिल्या बोटीच्या बॅटरीने लगेच दाखवून दिले. ती पुन्हा एकदा हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करून मी काढली, तेव्हा पाच मिनिटांनी व्होल्टेज १३.१ होते. दोन तासांनी ते १२.३ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ११.९ होते. चार्जिंगनंतर प्लेटांच्या पृष्ठभागालगत जो वरवरचा चार्ज साठतो, तो पहिल्या काही तासांत ओसरतो, आणि शिपायाने पहाटे पाहिलेला हिरवा दिवाही असाच वरवरचा होता.

येथे आकड्यांबद्दल थोडे सांगणे भाग आहे. १२ व्होल्टच्या ॲसिड-बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेलचे विसावलेले व्होल्टेज ढोबळमानाने ॲसिडच्या विशिष्ट गुरुत्वात (पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे त्यात), म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात त्यात, ०.८४ मिळविले की येते. आपल्या उष्ण हवामानासाठी भरल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत ॲसिड मुद्दाम थोडे सौम्य, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला १.२४० ते १.२५० इतके ठेवतात, कारण तीव्र ॲसिड उष्णतेत प्लेटांना लवकर खाते. त्यामुळे थंड देशांतील तक्त्यांत पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.७ लिहिलेले असले, तरी १.२५० ग्रॅव्हिटीच्या बॅटरीत ते १२.५५ च्या आसपासच येते. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर ‘साडेबाराशे’ वाचणाऱ्या आमच्या गॅरेजवाल्यांना हे सवयीने ठाऊक असते. पुस्तक उघडून बसणारा मात्र येथे चुकतो.

पहिल्या बॅटरीच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी १.१४० च्या आसपास होती, म्हणजे ती जवळजवळ रिकामी होती. हिरवा दिवा लागत होता आणि बॅटरी रिकामी होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. बॅटरी रिकामी होते, तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते नैसर्गिक आहे, आणि लगेच चार्ज केले तर ते पुन्हा विरघळून शिसे, शिशाचा डायऑक्साइड आणि ॲसिड यांत परत जाते. परंतु बॅटरी रिकाम्या किंवा अर्धवट अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर हे बारीक सल्फेट हळूहळू मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलते आणि मग त्यातून वीज सहजासहजी जात नाही. अशा बॅटरीला चार्जर जोडला की आतला रोध जास्त असल्यामुळे व्होल्टेज झपाट्याने १४.४ वर चढते. चार्जर केवळ व्होल्टेजच पाहतो, त्यामुळे त्याला वाटते की बॅटरी भरली, आणि तो हिरवा दिवा लावतो. मी वेळ मोजली. ७५ अँपिअर-तासाची ही रिकामी बॅटरी सव्वा तासात ‘भरली’. निरोगी बॅटरीला ७.५ अँपिअरने भरायला दहा तासांहून अधिक वेळ लागायला हवा होता. हिरव्या दिव्यापेक्षा तो लागायला लागलेला वेळ अधिक बोलतो, असे मी तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

ती रिकामी कशामुळे झाली, याचा शोध घेताना मला वाईट वाटले. ही बॅटरी आठ महिने बोटीतच, तारांसह जोडलेली होती. मुख्य कट-ऑफ स्विच बंद होता, परंतु चालकाच्या समोरच्या पट्टीवर कोणीतरी चांगल्या हेतूने बॅटरीचे व्होल्टेज दाखविणारे लाल आकड्यांचे छोटे मीटर बसविले होते आणि त्याची तार स्विचच्या आधीच, थेट टर्मिनलवरून घेतली होती. मी त्या तारेत मल्टिमीटर जोडला, तेव्हा त्यावर १८ मिलिअँपिअर आले. हा आकडा नगण्य वाटतो. पण १८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.४३ अँपिअर-तास आणि महिन्याला सुमारे १३ अँपिअर-तास. त्यात बॅटरीचे स्वतःचे उतरणे मिळविले, तर ७५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच महिन्यांत तळाला जाते. बॅटरीवर लक्ष ठेवण्यासाठी बसविलेल्या उपकरणानेच तिला रिकामे केले होते, आणि शेडमध्ये त्या मीटरकडे पाहायला कोणी गेले नव्हते.

दुसऱ्या बोटीची बॅटरी नियमाप्रमाणे काढून ठेवलेली होती. तिला कोणताही भार नव्हता. तरीही विसावल्यावर तिचे व्होल्टेज १२.१ आणि ग्रॅव्हिटी १.१८० भरली. ही एकच बॅटरी वाचविण्यासारखी वाटली, म्हणून मी ती आमच्या कार्यशाळेत नेऊन ३ अँपिअर इतक्या मंद प्रवाहाने दोन दिवस चार्ज केली आणि ॲसिडचे तापमान ५० अंशांच्या वर जाणार नाही, याकडे लक्ष ठेवले. ग्रॅव्हिटी १.२२५ पर्यंत चढली आणि तेथेच अडली. नंतर तिच्यात किती जीव उरला आहे, हे पाहण्यासाठी ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा ४५ वॅटचा बल्ब जोडला, कारण तो १२ व्होल्टला ३.७५ अँपिअर घेतो आणि ७५ अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीवर सुमारे २० तास चालायला हवा. संध्याकाळी सात वाजता लावलेला बल्ब सकाळी सहाच्या सुमारास १०.५ व्होल्टला पोहोचला, म्हणजे अकरा तास. निम्म्याहून थोडी अधिक, ४१ अँपिअर-तासांची क्षमता उरली होती. केवळ पडून राहण्याची एवढी किंमत होती.

राखीव बॅटऱ्यांची कथा वेगळी होती. त्यांपैकी एक कार्यालयाच्या खोलीत वर्षभर चार्जरला लावून ठेवलेली होती, ‘म्हणजे ती कायम भरलेली राहील’ या समजुतीने. हा चार्जर वेगळा, जुन्या पद्धतीचा, नुसता ट्रान्सफॉर्मर व डायोडचा, भरल्यावर आपोआप थांबण्याची सोय नसलेला होता. मी मोजले तेव्हा तो १५.६ व्होल्ट देत होता. आतले पाणी उकळून गेले होते, प्लेटा वरून एक तृतीयांश उघड्या पडल्या होत्या, आणि बाजूच्या भिंतींना फुगार आला होता. गंमत वाटावी अशी नव्हे, तर सावध करणारी गोष्ट ही की हिचे विसावलेले व्होल्टेज १२.८, म्हणजे चौघींत सर्वांत चांगले दिसत होते. पाणी उडून गेल्याने उरलेले ॲसिड दाट झाले होते आणि मीटर त्या दाटपणाचेच माप दाखवीत होता. चौथ्या बॅटरीचे व्होल्टेज १०.४ होते, पाच सेलची ग्रॅव्हिटी १.२३० आणि एका सेलची १.१२०, एक सेल शॉर्ट झालेला होता. तिच्यात पाणी म्हणून आरओच्या जारमधले पिण्याचे पाणी टाकले जात असे. आमच्याकडच्या बोअरचे पाणी बेसाल्टच्या खडकातून येते, त्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअम भरपूर असते, आणि आरओमधून काढले तरी त्यात क्षार उरतातच. पिण्यास उत्तम असलेले पाणी बॅटरीस चालत नाही. तिला डिस्टिल्ड वॉटरच द्यावे लागते.

पुरवठादाराचा दोष कोठेही आढळला नाही, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले.

शेडमधला उन्हाळा

दुसऱ्या बॅटरीबद्दल मला अधिक विचार करावा लागला, कारण तिच्या बाबतीत इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेतील सूचना अक्षरशः पाळल्या गेल्या होत्या. पुस्तिकेत ‘हिवाळी साठवण’ असे एक प्रकरण होते: बॅटरी पूर्ण भरा, तारा काढा, कोरड्या व थंड जागी ठेवा, गोठणार नाही याची काळजी घ्या. ज्या देशांत हे लिहिले जाते, तेथे बोटीचा मोसम उन्हाळ्याचा आणि विश्रांतीचा काळ हिवाळ्याचा असतो; तेथे भरलेली बॅटरी थंडीत जवळजवळ स्वस्थ झोपते आणि वसंतात उठते. आमच्याकडे बोटीची विश्रांती दसऱ्याला सुरू होते आणि मृगाला संपते. म्हणजे तिच्या झोपेच्या काळात मार्च, एप्रिल आणि मे येतात. पुस्तिकेतील गोठण्याची भीती मराठवाड्याला लागू नाही. उष्णतेची भीती पुस्तिकेत नव्हती.

रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा आहे की तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आपोआप उतरणे साधारण दुप्पट होते. अशा साध्या ॲसिड-बॅटरीचे आपोआप उतरणे २५ अंशांना महिन्याला ५ टक्के धरले, तर ४५ अंशांना ते २० टक्के होते. आता शेड पाहा. पत्र्याचे छप्पर, पश्चिमेकडे उघडी बाजू, आणि बॅटरी ठेवलेली फळी त्याच भिंतीला टेकलेली. पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम दुपारी अडीच वाजता तेथे थर्मामीटर घेऊन गेलो. बाहेर सावलीत ४१ अंश होते आणि त्या फळीवर ४६. फळीवर हात ठेवला तर चटका बसत होता. ऑक्टोबरात पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी फेब्रुवारीपर्यंत तग धरते, पण त्यानंतरच्या तीन महिन्यांत ती अर्ध्यावर येते, अर्धवट अवस्थेतच उकाड्यात पडून राहते, आणि सल्फेटचे स्फटिक नेमक्या त्याच अवस्थेत, त्याच उष्णतेत घट्ट होतात. जूनमध्ये ती चार्जरला लावली तरी जे गेले ते परत येत नाही.

एक गैरसमज मात्र मी येथेच दूर करतो, कारण तो प्रत्येक गावात भेटतो. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, म्हणून ती लाकडी फळीवरच ठेवावी, असे सांगतात. जुन्या काळी बॅटरीचे कवच लाकडी किंवा कडक रबराचे असे, तेव्हा त्यात तथ्य होते. आजच्या प्लास्टिकच्या कवचाला त्याचा फरक पडत नाही. आमच्या प्रकरणात तर सिमेंटची जमीन त्या तापलेल्या फळीपेक्षा कितीतरी गार होती.

आणखी एक मुद्दा मामांनी उपस्थित केला आणि तो रास्त होता. इंजिन चालते, तेव्हा ते स्वतःच बॅटरी भरते, मग पावसाळ्याच्या सरावात ती का भरली नाही? इंजिनाचे चार्जिंग कॉइल पूर्ण वेगात काही अँपिअर देते हे खरे, पण सरावात इंजिन बहुधा मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटे चालविले जात असे आणि त्या गतीला मिळणारा प्रवाह फार थोडा असतो. शिवाय सुरू करायला लागणारी ऊर्जा मुळात कमीच असते. सव्वाशे अँपिअर तीन सेकंद घेतले तरी ते अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाएवढे होते. खरी गरज आहे ती एका क्षणात तो सव्वाशे अँपिअरचा झटका देऊ शकणाऱ्या मोकळ्या प्लेटांची. सल्फेट धरलेल्या प्लेटा छोटा दिवा रात्रभर जाळू शकतात, पण स्टार्टरला फिरवू शकत नाहीत. म्हणूनच दिवा लागतो आणि सेल्फ लागत नाही, हे कोडे पडते.

बदललेली व्यवस्था

कार्यालयाने माझ्या सूचना लेखी मागितल्या. मी त्या दिल्या, परंतु कागदापेक्षा जागेचा शोध अधिक उपयोगी पडला. तहसिलाच्या आवारात निजामकाळातील जुन्या कचेरीची एक दगडी खोली आहे. भिंती हातभर जाड, चुन्यात बांधलेल्या, वर उंच झरोके. ज्या मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये ४६ अंश होते, त्याच दुपारी या खोलीत ३३ अंश भरले. तेरा अंशांचा हा फरक म्हणजे बॅटरीचे उतरणे निम्म्याहून कमी होणे, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च आला नाही. साठवण खोलीत आणि चार्जिंग बाहेरच्या ओसरीत, असे आम्ही ठरविले, कारण चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेट घेऊ शकतो. ओसरीत बिडी-काडी नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जरचा स्विच बंद, एवढे दोन नियम खडूने भिंतीवर लिहिले. तारा काढताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी, हे तेथील मुलांना मी चार वेळा करून दाखविले.

नवीन चार्जर तीन टप्प्यांचा घेतला. पहिल्या टप्प्यात तो क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे ७.५ अँपिअर देतो, नंतर १४.४ व्होल्टवर थांबून प्रवाह हळूहळू कमी करतो. आणि शेवटी १३.६ वर येतो. हे आकडे २५ अंशांचे आहेत. ४० अंशांच्या ओसरीत तेवढेच व्होल्टेज ठेवले तर बॅटरी उकळते, म्हणून प्रत्येक अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात आणि १४.४ चे १४.० होतात. म्हणून ज्याला तापमान जाणणारी तार असते, असाच चार्जर मी निवडावयास लावला. त्याची एक अडचण आधी लक्षात आली नव्हती: वीज जाऊन आली की हा चार्जर स्वतःहून सुरू होत नव्हता, बटण पुन्हा दाबावे लागत होते. आमच्याकडे रात्रीच्या वेळी वीज दोन-तीनदा जाते. पहिल्या महिन्यात एक बॅटरी रात्रभर चार्जरवर असूनही भरली नाही, आणि कारण एवढेच होते. आता चार्जिंग सकाळी माणसे हजर असताना लावतात आणि सुरू व संपण्याची वेळ लिहितात.

लिथिअम बॅटरी घ्यावी, असेही एका बैठकीत सुचविले गेले. ती हलकी असते आणि फारशी उतरत नाही, हे मान्य. पण ती पूर्ण भरून नव्हे तर निम्म्यावर ठेवून साठवावी लागते, पुराचा निरोप आल्यावर भरायला वेळ नसतो, आणि त्या जुन्या इंजिनाचे चार्जिंग तिच्यासाठी केलेले नाही. बंद, न उघडणाऱ्या एजीएम बॅटरीचा पर्यायही पाहिला. शेवटी मी झाकणांची साधी बॅटरीच सुचविली. तिच्या पोटात हायड्रोमीटर घालता येतो, आणि ज्या ठिकाणी देखभाल चुकली आहे, त्या ठिकाणी आत डोकावता येणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

वेळापत्रकासाठी इंग्रजी महिने मी मुद्दाम टाळले. कार्यालयात खंडेनवमीला बोटींची इंजिने धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा होतेच. त्याच दिवशी पूजेनंतर बॅटऱ्या काढायच्या, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवायची, पेट्रोलिअम जेली लावायची, पूर्ण भरायच्या आणि दगडी खोलीत ठेवायच्या, असे ठरले. तेथून होळीपर्यंत महिन्यातून एकदा, आणि होळीनंतर दर पंधरा दिवसांनी मोजायच्या. विसावलेले व्होल्टेज १२.४ च्या खाली आले की चार्जरला लावायच्या. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावरच घालायचे, कारण चार्जिंगमध्ये द्रव वर चढतो आणि आधी काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर सांडते; प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी, तेही प्लेटा बुडण्यापुरते. रोहिणी लागल्यावर बॅटऱ्या बोटीत बसवून पाझर तलावात चाचणी घ्यायची. हायड्रोमीटरचे आकडे तापमानाप्रमाणे दुरुस्त करायचे. २७ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे, म्हणजे ४१ अंशांच्या ॲसिडात १.२३५ दिसले तर ते १.२४५ समजायचे. हे गणित शिपायाला सुरुवातीला जड गेले, म्हणून मी ते एका पुठ्ठ्यावर तक्ता करून खोलीत टांगले.

पहिली, तिसरी आणि चौथी बॅटरी काढून टाकली. रस्त्यावरचा भंगारवाला अधिक पैसे देत होता, पण तो ॲसिड नाल्यात ओततो, हे सर्वांना ठाऊक आहे आणि तो नाला गोदावरीलाच मिळतो; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या विक्रेत्याकडे परत दिल्या आणि त्याची पावती नोंदवहीत चिकटवली. दुसरी बॅटरी आता काठावरच्या शोधदिव्याला जोडलेली असते. तेवढे काम ती व्यवस्थित करते. लाल आकड्यांचे ते मीटर काढले नाही, त्याची तार फक्त कट-ऑफ स्विचच्या पलीकडे नेली.

पुढच्या रोहिणीच्या चाचणीला मी हजर होतो. दोन्ही नवीन बॅटऱ्या आठ महिन्यांनंतर १२.५ व्होल्ट आणि दुरुस्त केलेली ग्रॅव्हिटी १.२४५ दाखवीत होत्या. पहिल्या बोटीचा सेल्फ मारला आणि इंजिन दोन सेकंदांत सुरू झाले, दुसरीचेही तसेच. नोंदवहीत तारीख, आकडे आणि सह्या झाल्या. त्यानंतर मामांनी दोन्ही इंजिने बंद केली, झाकणे काढली, आपत्कालीन दोरी फ्लायव्हीलला गुंडाळली आणि प्रत्येक इंजिन एकेकदा दोरीनेही सुरू करून पाहिले. मी म्हणालो, “मामा, आता बॅटरी बरोबर आहे.” ते म्हणाले, “असंल सर. पर दोरी बी वर्षभर पडूनच असती की.” दोरी खरोखरच एका ठिकाणी कुजलेली निघाली. ती त्याच दिवशी बदलली, आणि चाचणीच्या तक्त्यात दोरीचा एक रकाना वाढविला.